सांडपाण्याची भिंत: मुळा-मुठेतल्या मळ्या माशाच्या जनुक अभ्यासाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की पुण्यात नदीकाठी मासे मरतात. उन्हाळाभर नाल्यांच्या तळाशी साचलेला गाळ एका झटक्यात नदीत येतो आणि त्यातली कुजणारी घाण पाण्यातला प्राणवायू संपवते. रात्रभर शेवाळाकडूनही प्राणवायूची भर पडलेली नसते, त्यामुळे पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडमीट करतात आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांना काठावर पांढऱ्या पोटांचा थर दिसतो. दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ फिरतात, मग पाऊस वाढतो आणि विषय वाहून जातो.

काही वर्षांपूर्वी तो वाहून गेला नाही. शहराच्या पूर्वेकडच्या काही सोसायट्यांनी मिळून एक गट केला. पुढाकार एका निवृत्त अभियंत्यांचा. गटात सगळे त्यांना काका म्हणत. पाण्याचे तपासणी अहवाल पूर्वीही निघाले होते. आंघोळीच्या पाण्याला विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमच्या आत लागतो, आणि शहरातली नदी या निकषाच्या जवळपासही फिरकत नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. काकांचं म्हणणं असं की या आकड्यांनी आता कोणाची झोप उडत नाही. ‘प्रदूषणामुळे माशांचा डीएनए बदलला’ असं एखाद्या कॉलेजने लिहून दिलं तर मात्र गटाच्या अर्जाच्या सुनावणीत कान टवकारले जातील.

ते एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात गेले. तिथे एमएस्सीची एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी विषय शोधतच होती, तिच्या मार्गदर्शक मॅडमना नदीचं काम नवं नव्हतं. माझा संबंध आराखडा वाचून शेरे देण्यापुरता आणि नंतर अधूनमधून सल्ल्यापुरता. माणसं, संस्था आणि नमुने घेतल्याची नेमकी ठिकाणं इथे झाकली आहेत. नद्या आणि धरणं खरी आहेत, कारण त्यांच्याशिवाय हे प्रकरण कळणारच नाही.

मुठेवर वर टेमघर, तिला मिळणाऱ्या नद्यांवर पानशेत आणि वरसगाव, आणि या सगळ्यांच्या खाली १८७९ साली पूर्ण झालेलं खडकवासला. मुळेवर मुळशी. पवना दापोडीला मुळेला मिळते, पुढे संगमावर मुळा आणि मुठा एक होतात आणि मुळा-मुठा थेऊरवरून भीमेकडे, म्हणजे अखेर उजनीकडे जाते. पावसाळा सोडला तर धरणांचं बहुतेक पाणी कालव्याला आणि नळाला जातं. शहरातून वाहतं ते मुख्यतः आपणच वापरून सोडलेलं पाणी, काही प्रक्रिया केलेलं, काही न केलेलं.

पुण्याच्या माशांची लेखी नोंद मात्र जुनी आहे. कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या माशांची वर्णनं केली, त्यात या प्रकरणाचा नायक मळ्याही आहे. १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. पूर्वी इथे काय होतं हे सांगणारा असा कागद सगळ्याच शहरांच्या नशिबी नसतो. विद्यार्थिनीला याच गोष्टीने हुरूप आला होता.

अडचण

पहिला आराखडा दोन पानांचा होता. खडकवासल्याच्या वरून काही मळ्या धरायचे, शहराच्या खालून काही धरायचे, दोन्हीकडच्या डीएनएचा एक तुकडा वाचून घ्यायचा आणि फरक आला की तो प्रदूषणाचा. मळ्याची निवड वाईट नव्हती. बोटाएवढा, खडकाला चिकटून शेवाळ खरवडणारा, फार लांब न भटकणारा मासा. एका जागच्या पाण्याची कहाणी सांगायला असाच लागतो.

पण ‘जनुकांवर परिणाम’ या दोन शब्दांत तीन निरनिराळे प्रश्न कोंबलेले होते, आणि तिन्हींची उत्तरं निरनिराळ्या पद्धतीने काढावी लागतात. मॅडमनी फळ्यावर तीन रकाने पाडले, तिथून हे प्रकरण खऱ्या अर्थाने सुरू झालं.

पहिला रकाना मोडतोडीचा. जड धातू, काही कीटकनाशकं, रंग-रसायनं पेशीतला डीएनए तोडतात. माशांत हे बघणं तुलनेने सोपं असतं, कारण आपल्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, माशाच्या मात्र असतं. पेशी विभागताना गुणसूत्राचा तुटका तुकडा मागे राहिला की मुख्य केंद्रकाशेजारी एक बारका ठिपका दिसतो, त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. रक्ताचा एक थेंब, काचपट्टी, गिम्सा रंग आणि सूक्ष्मदर्शक एवढ्यावर काम होतं. गोम अशी की ही मोडतोड त्या माशाची, त्या काही आठवड्यांची. रक्तपेशीतला घाव पिल्लांत उतरत नाही. अंड्यात किंवा शुक्रपेशीत झाला तरच उतरेल, आणि ते या ठिपक्यांवरून कळत नाही.

दुसरा रकाना निवडीचा. पाण्यातलं विष ज्यांना मारतं ते मेले, ज्यांच्यात काही जन्मजात फरक होता ते तगले, त्यांची पिल्लं वाढली. याची जगभर गाजलेली उदाहरणं अमेरिकेतली आहेत. हडसन नदीत १९४७ ते १९७६ या काळात कारखान्यांतून पीसीबी नावाची रसायनं सोडली गेली. तिथल्या टॉमकॉड माशाच्या एका ग्राही प्रथिनाच्या जनुकात डीएनएची सहा अक्षरं गळालेली आढळली. त्यामुळे विष पेशीत नीट अडकतच नाही. हा संशोधन निबंध २०११ चा. ही गळती तिथल्या जवळजवळ सगळ्या टॉमकॉडमध्ये दिसली, आसपासच्या पाण्यांत क्वचितच. अटलांटिक किनाऱ्यावरच्या किलिफिशने तर वेगवेगळ्या बंदरांत स्वतंत्रपणे, पण त्याच जैवरासायनिक मार्गात बदल करून, मारक प्रमाणाच्या शेकडो-हजारो पट विष सोसण्याची ताकद कमावली. चारशेच्या घरात माशांचे पूर्ण जनुकसंच वाचून २०१६ मध्ये ते मांडलं गेलं.

काकांना हवी होती ती ही गोष्ट. बातमी होईल अशी. पण किलिफिशला ते जमलं, कारण त्यांची संख्या अफाट होती आणि उपयोगी पडणारे फरक त्या गर्दीत आधीपासूनच होते. आमच्याकडच्या एखाद्या ओढ्यात उरलेल्या मूठभर मळ्यांकडे एवढं भांडवल कुठून असणार? शिवाय हडसनमध्ये एक ठरावीक विष होतं. मुळा-मुठेत प्रामुख्याने मैलापाणी आहे, म्हणजे प्राणवायूचा अभाव आणि अमोनिया. वर पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचं आणि वर्कशॉपचं थोडं-थोडं सगळंच. अशा मिश्रणात कोणतं जनुक कशासाठी निवडलं गेलं हे शोधणं एमएस्सीच्या एका वर्षाचं काम नाही.

तिसरा रकाना संख्या आणि तुटलेपणाचा. तो मॅडमनी सगळ्यात शेवटी भरला आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवला.

तिसरा रकाना जरा सावकाश

समजा एका ओढ्यात तीन पिढ्यांमध्ये विणीला आलेले मासे १०००, मग १०, मग पुन्हा १००० असे आहेत. साधी सरासरी ६७०. पण जनुकांच्या हिशेबात हरात्मक मध्य धरतात, म्हणजे व्यस्त संख्यांच्या सरासरीचा व्यस्त. तो येतो २९ च्या आसपास. पुढच्या वर्षी नदी माशांनी भरलेली दिसली तरी जनुकांच्या दृष्टीने ती वस्ती तिशीच्या घरातली असते. एका वाईट उन्हाळ्याचा फटका इतका खोल जातो.

आणि त्या दहा माशांतून नेमकं काय हरवतं? सरासरी विषमयुग्मजता, म्हणजे एका माशाला आई-बापांकडून एकाच जनुकाच्या दोन वेगळ्या प्रती मिळालेल्या असण्याचं प्रमाण, एका पिढीत जेमतेम ५ टक्क्यांनी घटतं. वाटतं, काहीच झालं नाही. पण वस्तीत १ टक्का प्रमाणात असलेली एखादी दुर्मीळ प्रत घ्या. दहा माशांत वीस प्रती. त्या वीसांत ती एकदाही नसण्याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे साधारण ८२ टक्के. सरासरी जागच्या जागी आणि दुर्मीळ प्रती मात्र बहुतेक गेलेल्या. उद्याचं एखादं नवं विष किंवा नवा रोग सोसण्याची सोय त्या दुर्मीळ प्रतींतच असू शकते. विद्यार्थिनीने ही आकडेमोड वहीत स्वतः केली, तेव्हा कुठे तिला पटलं की फक्त विषमयुग्मजता मोजून भागणार नाही, किती प्रकारच्या प्रती उरल्या हेही मोजायला हवं.

यावर नैसर्गिक उतारा एकच, शेजारच्या ओढ्यातून येणारे पाहुणे. लोकसंख्या जनुकशास्त्रात एक ढोबळ नियम आहे: दर पिढीला एखादा परका मासा येऊन विणीत सामील झाला तरी दोन वस्त्या एकमेकींपासून फार दूर जात नाहीत. प्रश्न असा की शहराच्या वर, मुळेकाठच्या पौडकडचा मळ्या शहर ओलांडून खाली, किंवा खालचा वर, कसा जाणार? मधले काही किलोमीटर श्वासच घेता येत नाही. मासा तिथे मरतो की नाही हा मुद्दा नाही. तो तिथून पार होत नाही, एवढं पुरे.

पर्याय आणि निर्णयाच्या जागा

पहिला निर्णय कोणता प्रश्न विचारायचा हा. मॅडम आणि मी तिसऱ्या रकान्याच्या बाजूने होतो, सोबत जमेल तेवढा पहिला. दुसरा सोडून द्यायचा. काकांना हे रुचलं नाही. ते म्हणाले, “मॅडम, सुनावणीत मी ‘दुर्मीळ प्रती हरवल्या’ म्हणून सांगायचं? लोक हसतील.” मॅडम म्हणाल्या, “हसू देत. उलटतपासणी झाली तर टिकणारं वाक्य तेच आहे.”

इंग्लंडमधल्या रोच माशाचा दाखला इथे फार उपयोगी पडला. सांडपाण्यातल्या संप्रेरकांमुळे तिथल्या नदीतल्या नरांच्या वृषणांत अंडपेशी तयार होताना दिसल्या, मोठा गाजावाजा झाला. कॅनडात तर एका प्रायोगिक तळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम एवढं तीन उन्हाळे सोडलं आणि फॅटहेड मिनो हा मासा तिथून जवळजवळ संपला. त्यावरून रोचही संपणार असं वाटणं साहजिक होतं. २०१४ मध्ये जनुकीय पुराव्यावर दिसलं ते वेगळंच: सांडपाण्याच्या भरवशावर वाहणाऱ्या नद्यांतही रोचच्या काही वस्त्या बाहेरून भर न पडता पिढ्यानपिढ्या टिकून आहेत. एका माशात दिसणारी हानी आणि वस्तीच्या जनुकांत उतरलेला परिणाम यांत किती अंतर असू शकतं, हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही. काका गप्प झाले. पटल्याने की कंटाळून, सांगता येत नाही.

दुसरा निर्णय कुठला डीएनए वाचायचा. आराखड्यातला सीओआय हा तुकडा साधारण ६५० अक्षरांचा, मायटोकॉन्ड्रियातला, फक्त आईकडून येणारा. मासा कोणत्या जातीचा हे ओळखायला उत्तम, स्वस्त, आणि कॉलेजच्या आवाक्यातला. पण वस्त्यांमधला अलीकडचा तुटलेपणा किंवा घटलेली संख्या त्यात नीट दिसत नाही. शेवटी सीओआय ठेवला, पण वेगळ्या कामाला. मळ्या ज्यात मोडतो त्या गारा वंशाच्या माशांचं वर्गीकरण आधीच गुंतागुंतीचं. आपण धरलेले सगळे मळ्या खरोखर एकच जात आहेत का, एवढं आधी तपासायचं. दोन जाती एकत्र मोजल्या असत्या तर भलामोठा ‘फरक’ फुकटात मिळाला असता.

वस्त्यांच्या तुलनेसाठी मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या अक्षरांच्या मोजक्या जागा, घ्यायचे की ड्रॅड पद्धतीने जनुकसंचभर विखुरलेल्या शेकडो-हजारो जागा वाचायच्या, यावर बराच काथ्याकूट झाला. मायक्रोसॅटेलाइटचे प्रायमर, म्हणजे डीएनएतली हवी ती जागा नेमकी पकडणारे छोटे तुकडे, मळ्यासाठी तयार नव्हते. नात्यातल्या माशाचे वापरले तर काही प्रती उमटतच नाहीत, आणि न उमटलेली प्रत विषमयुग्मजता कमी असल्याचा आभास निर्माण करते. म्हणजे आपल्याला हवं तेच उत्तर, चुकीच्या कारणाने. ड्रॅड महाग. मॅडमनी ओळखीच्या एका प्रयोगशाळेशी बोलून मोजक्या नमुन्यांसाठी ते जमवलं. विद्यार्थिनीने ठिकाणं कमी केली, मासे नाही. हा निर्णय तिचा एकटीचा आणि माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातला सगळ्यात शहाणा.

तिसरा निर्णय ठिकाणांचा, आणि इथेच मूळ आराखडा कोसळला. खडकवासल्याच्या वर आणि शहराच्या खाली अशी तुलना केली तर मधे दोन भिंती येतात, धरणाची आणि सांडपाण्याची. धरणाला जवळजवळ दीडशे वर्षं झाली. मळ्याची पिढी दोन वर्षांची धरली तरी सत्तरच्या वर पिढ्या. शहराने नदीची अशी अवस्था केली ती त्यामानाने अलीकडे. मग आलेला फरक कोणाच्या खात्यावर मांडायचा? उपाय असा निघाला की ज्या नदीवर धरण आहे पण मधे मोठं शहर नाही, अशी एक जोडी तुलनेला घ्यायची. भाटघरच्या वरचे आणि खालचे मळ्या त्यासाठी ठरले. तीही नदी नीरेतून भीमेच्याच खोऱ्यातली. तिथे जेवढा फरक दिसेल तो धरणाचा. मुठेवर त्याहून जास्त दिसला तर उरलेल्याबद्दल बोलायला जागा.

काय केलं

शहराच्या पट्ट्यात मळ्या मिळेनाच. विद्यार्थिनी एका भोई काकांबरोबर होडीतून फिरली. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “ताई, मळ्या संगमाखाली आता कुठला! चिलापी म्हणाल तर पोतंभर देतो.” चिलापी म्हणजे तिलापिया, १९५२ मध्ये भारतात आणलेला आफ्रिकी मासा. जाळ्यात तीच आली, शिवाय गप्पी आणि काही परदेशी मांगूर. भोई काकांनी वडिलांच्या वेळी कुठे काय मिळायचं हे बंधाऱ्यागणिक सांगितलं. ती माहिती तिने नोंदवहीत उतरवली, प्रबंधात मात्र परिशिष्टात ढकलली. मला ती मुख्य मजकुरात हवी होती.

मळ्या पुन्हा सापडले ते शहराच्या बरंच खाली, एका छोट्या ओढ्याच्या तोंडाशी, जिथे स्वच्छ पाणी नदीत उतरतं. म्हणजे ‘प्रदूषित नदीतला नमुना’ म्हणून जो हाती आला तो खरं तर ओढ्याच्या आडोशाने तगलेला नमुना. हे प्रबंधात स्पष्ट लिहायचं ठरलं आणि लिहिलं गेलं.

बाकी कामाची शिस्त सांगण्यासारखी. एका डबक्यातून जास्त मासे घ्यायचे नाहीत, कारण एका डबक्यातली बहुतेक भावंडं निघतात आणि भावंडांवरून वस्ती मोजली की ती फसवी लहान दिसते. परावरून बारीक कात्रण घ्यायचं, रक्ताची काचपट्टी करायची आणि मासा पाण्यात सोडायचा. कात्रण फॉर्मॅलिनमध्ये नाही, तीव्र अल्कोहोलमध्ये. फॉर्मॅलिन डीएनएचे तुकडे करतं आणि ते एकमेकांना जखडून टाकतं. म्हणूनच जुन्या संग्रहांतल्या बरण्या बघायला सुंदर असल्या तरी जनुकांसाठी बहुधा निरुपयोगी. आकुर्डीला प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथे जुने नमुने पाहून विद्यार्थिनीच्या डोक्यात ‘तेव्हाचे आणि आत्ताचे’ अशी तुलना आली होती. याच कारणाने ती सोडावी लागली.

काचपट्ट्यांवर ठिकाणाचं नाव न लिहिता क्रमांक लिहिले आणि मोजणी दुसऱ्या विद्यार्थ्याने केली. कुठला मासा कुठला हे त्याला माहीत नव्हतं. हा आग्रह मॅडमचा. डोळ्याला हवं ते दिसतं, आणि सूक्ष्मकेंद्रकाच्या ठिपक्याइतका लवचिक पुरावा दुसरा नाही. रंगाचा एखादा कणही ठिपका म्हणून मोजला जातो.

मधेच आलेला बोटुकलीचा प्रस्ताव

काम अर्ध्यावर असताना गटाला एक देणगीदार भेटले. पर्यावरण दिनाला नदीत कटला आणि रोहूची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडायची, फोटो काढायचे, नदी पुन्हा जिवंत करायची. दुसऱ्या कोणी त्यात सुधारणा सुचवली, साधे मासे कशाला, महसीर सोडू. खडशी नावाची महसीर तर आपल्याच नदीतली.

गोष्ट खरी आहे. टॉर खुद्री या दख्खनी महसीरचं पहिलं वर्णन साइक्स यांनी पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतूनच केलं. पण मॅडमनी बैठकीत कावेरीची हकीकत सांगितली. लोणावळ्याला तयार केलेली हीच खुद्री १९७० च्या दशकापासून कावेरीत नेऊन सोडली गेली, चांगल्याच हेतूने. तिथे ती फोफावली, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर, ज्याचं शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी असल्याचं २०१८ मध्ये कुठे निश्चित झालं, आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

“पण इथे तर ती घरचीच ना?” काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. घरची असली तरी मत्स्यबीज केंद्रातलं बीज बहुधा थोड्या नर-माद्यांचं असतं. एकेका मादीची अंडी हजारांनी-लाखांनी, त्यामुळे थोडक्या आई-बापांची पिल्लं भरमसाट होतात. वरच्या एखाद्या ओढ्यात उरलेल्या जुन्या वस्तीत ती मिसळली तर तिसऱ्या रकान्यातला तोटा प्रदूषणापेक्षा लवकर होईल, आणि हा तोटा पाणी स्वच्छ करून भरून येत नाही. सोडल्यावर ती शहराच्या पाण्यात जगणार नाहीत ही शक्यता तर होतीच. या सगळ्या चर्चेत मला तीच सगळ्यात कमी काळजीची वाटली.

देणगीदारांनी समजून घेतलं. रकमेचा काही भाग नमुन्यांच्या कुप्यांना आणि अल्कोहोलला मिळाला. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मंडळाने नदीत मासे सोडलेच, बातमीही आली. कोणत्या जातीचे, कुठून आणलेले, हे बातमीत नव्हतं.

निष्पत्ती

सीओआयवरून ठिकाणोठिकाणचे मळ्या एकाच जातीचे ठरले, एका ओढ्यातले काही मासे वगळून. ते पुढच्या हिशेबातून काढले. ड्रॅडच्या निकालात भाटघरच्या वर-खालच्या मळ्यांमध्येही फरक दिसला. ही जोडी घेतली नसती तर मुठेवरचा सगळा फरक सांडपाण्याच्या माथी मारला गेला असता. मुठेवरचा फरक त्याहून जास्त होता आणि खालच्या ओढ्यातल्या माशांत दुर्मीळ प्रती कमी होत्या. पण दोनच नद्या, एकेकच जोडी. एवढ्यावरून ‘सिद्ध झालं’ म्हणता येत नाही, ‘सुसंगत आहे’ म्हणता येतं. प्रबंधात तोच शब्द आहे.

सूक्ष्मकेंद्रकं खालच्या माशांत जास्त मिळाली. मात्र नमुने घेतले तेव्हा खालचं पाणी बऱ्यापैकी गरम होतं, आणि तापमानानेही ही संख्या वाढू शकते. विद्यार्थिनीने तो आलेख ठेवला, निष्कर्षात घेतला नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं आणि तिच्याकडे उत्तर तयार होतं.

गटाच्या अर्जातलं वाक्य तीनदा बदललं. ‘प्रदूषणामुळे माशांचा डीएनए बदलला’ हे सुरुवातीचं. शेवटचं साधारण असं: शहरातला नदीपट्टा माशांना पार करता येत नाही, त्यामुळे वरच्या आणि खालच्या ओढ्यांतल्या देशी माशांच्या वस्त्या एकमेकींपासून तुटल्या आहेत, उरलेले स्वच्छ पाण्याचे ओढे अडवू, बुजवू किंवा वळवू नयेत. काकांना ते फिकं वाटलं. पण या वाक्यात एक मागणी आहे जी नकाशावर दाखवता येते आणि प्रक्रिया केंद्रं पूर्ण व्हायची वाट न बघता मान्य करता येते. सुनावणीत बाकी अर्जावर नेहमीचं ‘नोंद घेतली’ झालं. ओढ्यांची यादी मात्र मागवण्यात आली. पुढे त्यांतल्या एका ओढ्याचं पाइपात घालण्याचं काम थांबलं. ते या अर्जामुळे की निधीअभावी, दोन्ही बाजू वेगवेगळं सांगतात.

वेगळं काय करता आलं असतं

भोई काकांना सुरुवातीला विचारायला हवं होतं, ठिकाणं ठरवल्यानंतर नव्हे. शहरात मळ्या नाही हे त्यांच्याकडून एका चहात कळलं असतं आणि नमुन्यांचा हंगाम वाया गेला नसता.

मळ्या नसलेल्या पट्ट्यासाठी दुसरा मासा आधीच ठरवायला हवा होता. चिलापी घाणीतही जगते, म्हणून मोडतोडीच्या चाचणीला ती घेता आली असती: तीच जात, तोच हंगाम, स्वच्छ आणि घाण दोन्ही पाण्यांत. वस्तीच्या जनुकांविषयी तिच्यावरून काही कळलं नसतं, कारण ती कुठून कितीदा सोडली गेली याचा पत्ता नाही. पण पहिला रकाना पक्का झाला असता. मॅडमचं यावर माझ्याशी एकमत नाही. त्यांच्या मते परदेशी माशाचा पुरावा सुनावणीत ‘मग मरू दे ना’ या एका वाक्यात उडाला असता.

गटाशी अपेक्षांची बोलणी पहिल्या दिवशी कागदावर व्हायला हवी होती. निकाल उलटा आला तर तोही जाहीर होणार का? अर्जात काय लिहायचं हे कोण ठरवणार? हे प्रश्न निकाल हातात आल्यावर विचारले गेले, आणि दोन बैठका त्यातच गेल्या.

राहिल्या परांच्या कात्रणांच्या कुप्या. फ्रेझर यांच्या काळचा डीएनए आपल्याकडे नाही, पण आजपासून तीस वर्षांनी कोणाला तुलना करायची असेल तर या कुप्या उपयोगी पडतील, फक्त त्या तोवर टिकल्या पाहिजेत. विद्यार्थिनी आता दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. कुप्या विभागाच्या डीप फ्रीझरमध्ये आहेत, त्याला जनरेटरची जोडणी नाही आणि मॅडम येत्या दोन-तीन वर्षांत निवृत्त होतील. दुसरा संच कायमस्वरूपी संग्रह असलेल्या एखाद्या संस्थेत ठेवावा, यादीची प्रत महापालिकेच्या जैवविविधता समितीकडे द्यावी, असं पत्र विभागाने तयार केलं आहे. त्यावर अजून सही व्हायची आहे.